तिसऱ्यांदा उतरलेलं हेड

"बॉनेटला हात लावू नका बाई, भाजेल!" मिस्तरी दुसऱ्या गाडीखालूनच ओरडले. पण नर्सबाई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी हाताला टॉवेल गुंडाळून बॉनेट उघडलंसुद्धा. वाफेचा लोट थेट गॅरेजच्या पत्र्यापर्यंत गेला. बाई मागे सरल्या, रुमालाने चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "मिस्तरी, पुन्हा तेच."

मिस्तरी गाडीखालून सरपटत बाहेर आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. हाताला ग्रीस होतं, ते कपाळाला लागलं.

"चढावरच ना?"

"चढावरच. सपाटीला गुणी बाळासारखी चालते. टेकडीचा अर्धा रस्ता चढली की काटा लाल रंगात. ढकलत वळवली आणि उतारावरून बंद करून आणली."

नर्सबाई इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण घरी बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या ड्रेसिंग करायच्या, इंजेक्शनं द्यायच्या, आणि त्यांचे निम्मे पेशंट टेकडीच्या पलीकडच्या वस्तीत राहायचे. गाडी त्यांच्या नवऱ्याची. नवरा गेला, गाडी राहिली. नवी घ्या म्हणणाऱ्यांना त्या सांगत, "मी कुठे नवी आहे?"

इंजिन गार झाल्यावर मिस्तरींनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी आत उतरलं होतं. पुढचं पाहायची गरजच नव्हती, तरी त्यांनी इंजिनाच्या माथ्यावरचं हेड उतरवलं. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये दबलेलं गॅस्केट दोन सिलेंडरांच्या मधोमध जळून काळं पडलेलं. हेड बाकावर उलटं ठेवून त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून फट मोजायच्या फीलर गेजचं पातळ पान सरकवलं. मधोमध पान अडकायला हवं होतं. ते बिनबोभाट आरपार गेलं.

हेड वाकलं होतं. पहिल्यांदा वाकलं तेव्हा मिस्तरींना काही वाटलं नाही, जुन्या गाडीचं हेड वाकायचंच. दुसऱ्यांदा वाकलं तेव्हा ते चिडले. आता तिसऱ्यांदा ते चिडले नाहीत. नुसते स्टुलावर बसून राहिले.

त्याचं कारण होते दाजी.

दाजी म्हणजे नात्याने मिस्तरींचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको दाजी म्हणायची म्हणून मिस्तरीही दाजीच म्हणत. बाजाराच्या मागच्या गल्लीत दाजींचं फेसिंगचं दुकान होतं. लांबट खोली आणि तिच्यात जमिनीला बोल्टांनी जखडलेलं घासायचं मशीन. वाकलेलं हेड आणायचं, दाजींनी ते मशीनवर चढवून आरशासारखं सपाट करून द्यायचं. मिस्तरींच्या गॅरेजमधलं एकही हेड दाजींच्या हाताखालून गेल्याशिवाय इंजिनावर बसलेलं नव्हतं. दोघांचं आयुष्यभर भांडणच चालायचं. जेवायला एकत्र बसले तरी मीठ कमी की जास्त यावर वाद. पण हेडाच्या बाबतीत मिस्तरींनी कधी तोंड उघडलं नव्हतं, कारण उघडायला जागाच नसायची.

नर्सबाईंच्या गाडीचं हेड पहिल्यांदा दाजींनीच घासलं. मिस्तरींनी ते बसवलं, आणि काही आठवड्यांत गाडी वाफा सोडत परत आली. मिस्तरींनी गॅस्केट पाहिलं, बोल्ट पाहिले, आपल्या कामात खोट दिसेना. मग हेड पोत्यात घालून ते तडक दाजींच्या दुकानात गेले आणि दोन-तीन गिऱ्हाइकांच्या देखत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"दाजी, तुमच्या डोळ्यांचं आता काही खरं नाही. हे बघा, मध्ये खड्डा ठेवलाय! गरीब बाई रस्त्यात अडकली. मी तिला काय तोंड दाखवू? झेपत नसेल तर सांगा ना सरळ."

दाजींनी हेड उचललं, दारात नेलं, पट्टी लावून उजेडाला धरलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मिस्तरी भांडणाच्या तयारीत उभे होते. दाजी म्हणाले, "असेल."

एवढंच. मिस्तरींना वाटलं, झालं, कबुली मिळाली. ते हेड त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या दुकानात नेलं. तिथल्या नव्या कोऱ्या मशीनवर फेसिंग करून घेतलं, आणि पुढे भेटेल त्याला सांगितलं की दाजी थकले, आता काम तिकडे द्या.

आणि आज त्या नव्या कोऱ्या मशीनवरचं हेडही तस्संच, त्याच जागी वाकून समोर पडलं होतं. हिशोब सोपा होता. लहान मुलालाही सुटला असता.

"काय झालं मिस्तरी, पेशंट गेला का?" नर्सबाईंनी विचारलं.

"पेशंट नाही गेला. डॉक्टर जाणार बहुतेक," मिस्तरी म्हणाले आणि उठले.

दाजींची खोट नव्हती हे आता उघड होतं. पण मग कुणाची होती? मिस्तरींनी एकेक करून सगळं उघडलं. ब्लॉकवर पट्टी लावली, ब्लॉक सपाट. रेडिएटरमध्ये वरून नळी सोडली, पाणी खालून धो धो बाहेर. पंपाची पाती शाबूत. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग कडक. पट्टा ताणलेला, पंखा जागेवर. कुठेच काही नाही. मिस्तरींनी हात टेकले.

नर्सबाई बाकावर बसून हे सारं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मला एक कळत नाही. मघाशी गाडी थांबली तेव्हा मी रेडिएटरला खाली हात लावून पाहिला."

"कशाला? भाजला असता ना."

"भाजला नाही, म्हणून तर सांगतेय. वर इंजिन उकळतंय आणि रेडिएटर खाली गार. आमच्याकडे असा पेशंट आला, कपाळ तापलेलं आणि पाय गारठलेले, तर आम्ही कपाळाकडे बघत बसत नाही. रक्त पायापर्यंत पोहोचतंय का ते आधी बघतो."

मिस्तरींच्या हातातला पाना तसाच राहिला. ते इंजिनाकडे गेले आणि वरच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या वाटीसारख्या भागात त्यांनी बोट घातलं. वाटी रिकामी होती. गाडी पहिल्यांदा तापून आली तेव्हा ती मिस्तरींनीच रिकामी केली होती.

त्या जागी थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असेपर्यंत तो पाण्याची वाट अडवतो, गरम झालं की उघडतो. मिस्तरींच्या मते हे थंड हवेत राहणाऱ्यांचे चोचले होते. इथे इंजिन तापवायला सूर्य पुरेसा आहे, मग वाट अडवायचीच कशाला? त्यांच्या उस्तादांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की तापणारी गाडी आली की आधी थर्मोस्टॅट काढून फेक. गावातले सगळे मिस्तरी तेच करत. आपले मिस्तरी फेकत नसत. काढलेला प्रत्येक थर्मोस्टॅट ते दाराजवळच्या तारेत ओवून ठेवत, आणि शिकारी भिंतीवर शिंगं लावतो त्या थाटात गिऱ्हाइकाला दाखवत. ज्या गाड्यांवर त्यांचा हात बसला होता, त्यांचं त्याने काही बिघडायचं नाही. नर्सबाईंची गाडी वेगळ्या घडणीची होती.

तारेवरून त्यांनी तिचा थर्मोस्टॅट शोधून काढला. बाकीच्यांना एकच चकती होती. याला दोन होत्या. एक वर, एक खाली.

संध्याकाळी मिस्तरी घरी आले ते तो थर्मोस्टॅट खिशात घेऊनच. बायको बाहेर कपडे काढायला गेलेली पाहून त्यांनी दुधाचं पातेलं उचललं, त्यात पाणी आणि थर्मोस्टॅट घालून गॅसवर ठेवलं आणि डोळे लावून उभे राहिले. पाणी उकळी फुटायच्या बेताला आलं तशी वरची चकती हळूच उचलली गेली. आणि तिच्याबरोबर खालची चकती खाली सरकली.

"अगं बाई! माझ्या दुधाच्या पातेल्यात काय शिजवताय?" बायको कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी होती.

"ये, बघ. वरचं दार उघडलं की खालचं बंद होतं."

"ते पातेलं आता तुमच्या गॅरेजला घेऊन जा. मी त्यात दूध तापवणार नाही."

"ऐक तरी! खालच्या दाराशी बायपासचं भोक आहे. इंजिन तापलं की हे ते भोक बंद करतं, म्हणून पाणी रेडिएटरला जातं. मी हे काढूनच टाकलं. मग पाणी कशाला जातंय रेडिएटरला? जवळच्या वाटेने इंजिनातच गोल गोल फिरत बसलं. सपाटीला निभावलं, चढावर उकळलं. हेड वाकवलं ते मी. दाजींनी नाही."

बायकोने कपडे खुर्चीवर टाकले.

"अक्काचा फोन आला होता दुपारी," ती म्हणाली. "दाजींनी दुकान उघडणंच सोडलंय. मशीनला गिऱ्हाईक बघतायत. डोळ्यांना झेपत नाही म्हणतायत. अक्काने लाख समजावलं. ते म्हणाले, मिस्तरी खोटं बोलणार नाही."

मिस्तरी खाली बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की गॅस बंद करायचंही सुचलं नाही. तो बायकोने बंद केला.

"मग जा की आत्ता. सांगून टाका."

"सांगतो. पण आधी गाडी चढावर चढवून बघतो."

"ती कशाला?"

"एकदा ट्रायल न घेता बोललो त्याचं काय झालं बघितलंस ना? पुन्हा चुकलो तर? पक्कं झाल्याशिवाय मी त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाही."

"निदान हेड तरी घासायला त्यांच्याकडे द्या. त्यातच कळेल त्यांना."

"कुठल्या तोंडाने देऊ?" मिस्तरी म्हणाले. आणि ज्या माणसाला त्या दिवशी भरल्या दुकानात तोंड सापडलं होतं, त्याला आता ते कुठे सापडेना.

हेड पुन्हा नव्या दुकानात गेलं. तीनदा घासून ते पातळ झालं होतं, म्हणून जाड गॅस्केट मागवावं लागलं, ते यायला वेळ लागला. मिस्तरींनी मधल्या दिवसांत दोनदा दाजींच्या गल्लीपर्यंत जाऊन पाहिलं. दोन्ही वेळा शटर बंद दिसलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना दोन्ही वेळा सुटल्यासारखं वाटलं. घर काही लांब नव्हतं, पण घरी ते गेले नाहीत. गाडी चढू दे, मग जाऊ, असं स्वतःला समजावत राहिले.

गॅस्केट आलं. मिस्तरींनी हेड बसवलं, बोल्ट मधल्यापासून बाहेर अशा क्रमाने थोडेथोडे आवळत नेले आणि दोन चकत्यांचा थर्मोस्टॅट त्याच्या जागी परत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठल्या गाडीत थर्मोस्टॅट बसवत होते.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई चालवायला आणि मिस्तरी शेजारी, असे दोघे टेकडीकडे निघाले.

"काट्याकडे असे बघू नका हो, बिचारा लाजेल," बाई म्हणाल्या.

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

चढ सुरू झाला. काटा मध्यावर आला. बाईंनी गिअर खाली घेतला, इंजिन कण्हलं. जिथे गाडी बंद पडली होती ते वळण आलं आणि मागे गेलं. काटा मध्यावरच. वरच्या सपाटीवर पोहोचताच मिस्तरींनी गाडी थांबवायला लावली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या खालच्या नळीला हात लावला. हात झटकन मागे घेतला. चांगलाच चटका बसला होता, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पुन्हा लावून पाहिला.

"पाय गरम झाले?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"झाले! बाई, एक उपकार करा. तुमचे पेशंट अर्धा तास थांबतील का? मला एका ठिकाणी जायचंय. आणि तुम्ही बरोबर असाल तर बरं होईल. मी जे बोललो ते लोकांसमोर बोललो होतो."

दाजींच्या दुकानाचं शटर आज सताड उघडं होतं. मिस्तरी गाडी थांबायच्या आधीच उतरले आणि दारातच थबकले. खोली त्यांना एकदम मोठी वाटली. मशीन नव्हतं. ते जिथे उभं असायचं तिथे जमिनीवर फिकट चौकोन होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांत बोल्टांची चार भोकं. दाजी खाली उकिडवे बसून पाटीत सिमेंट कालवत होते.

"कधी गेलं?" मिस्तरींनी विचारलं.

"सकाळीच. टेम्पोवाला लवकर आला." दाजींनी वर पाहिलं, बाई दिसल्या तसे उठू लागले. "या, या. बसायला आता काही ठेवलं नाही बघा."

"दाजी, चूक माझी होती," मिस्तरी उभ्या उभ्याच बोलून गेले. "या बाईंच्या गाडीची. तुमचं फेसिंग चोख होतं. नव्या मशीनवरचं हेडही तसंच वाकलं. मी थर्मोस्टॅट काढला होता, आणि गाडी बायपासवाली निघाली. आज बसवला, आणि आत्ता टेकडी चढून आलोय. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता."

"खरंच आहे ते," नर्सबाई म्हणाल्या. "काटा हलला नाही."

दाजी हातात थापी धरून थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग मिस्तरींकडे.

"म्हणजे पाणी रेडिएटरला जातच नव्हतं होय," ते म्हणाले आणि थोडं हसले. "बरं झालं सापडलं. बाईंची अडचण गेली."

"तुम्ही मला तेव्हाच झापायला हवं होतंत!" मिस्तरींचा आवाज चढला. "म्हणायचं होतं, की चल नीघ, माझं काम चोख आहे! एरवी मिठावरून भांडता माझ्याशी!"

"मला कुठे माहीत होतं रे? उजेडाला धरलं तर मध्ये फट दिसत होती. ती मी ठेवली की तापून पडली, हे वाकलेल्या हेडावरून कसं कळणार?"

"मग डोळे तरी तपासायचे."

"तपासले की. तुमच्या अक्काने धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच आहे, डोळ्यांत काही बिघाड नाही."

"मग?"

"मग काय? डॉक्टर थोडाच माझी हेडं बसवतो?" दाजी अगदी साधेपणाने म्हणाले. "ती तू बसवतोस. माझा हात तुझ्याइतका कुणाला माहीत आहे? तू म्हणालास, म्हणजे असणारच."

नर्सबाई हळूच बाहेर गेल्या आणि गाडीपाशी उभ्या राहिल्या.

"आपण परत आणू मशीन. मी बोलतो त्या माणसाशी. पाया पडतो हवं तर."

"नको. त्याने तिकडे पाया भरून ठेवलाय, आणि मी शब्द दिलाय. आणि आणून तरी काय?" दाजींनी थापी पाटीच्या कडेला टेकवली. "तू गेल्यावर दोन हेडं आली होती माझ्याकडे. मशीनवर चढवली, घासली, पट्टी लावली, सपाट. पुन्हा लावली, सपाटच. तरी खाली उतरवायला हात धजेना. पुन्हा लावायचो. दुसऱ्या हेडाचा माणूस कंटाळून निघून गेला. अशाने धंदा होत नाही रे."

मिस्तरींनी बाह्या वर सरकवल्या आणि ते दाजींच्या शेजारी खाली बसले. त्यांनी पाटी ओढून घेतली. एकाने सिमेंट घालायचं, दुसऱ्याने ठोकून बसवायचं, असं करत दोघांनी तीन भोकं भरली. चौथं दाजींनी स्वतःच भरलं आणि थापीने वरून हात फिरवला. मग गुडघ्यांवर टेकून, गाल जमिनीजवळ नेऊन, एक डोळा मिटून त्यांनी दाराच्या उजेडाच्या दिशेने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मिस्तरी, बघ रे जरा," ते म्हणाले. "सपाट आहे ना?"

मिस्तरी ओणवे झाले. सिमेंट जमिनीला असं मिळालं होतं की कड कुठे संपते ते कळत नव्हतं.

"सपाट आहे, दाजी. एकदम सपाट."

"नक्की?"

इतक्या वर्षांत दाजींनी हे कुणालाच विचारलं नव्हतं. मिस्तरी पुन्हा खाली वाकले, गाल फरशीला टेकवून चारही बाजूंनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "नक्की."

दाजींनी मान हलवली, थापी पाण्यात बुडवली, आणि त्याच जागेवरून ती पुन्हा एकदा फिरवली.